लॉबीतली फुलं कुणासाठी होती? एका फुरासुता-वर्गणीचं प्रकरण

थोडक्यात प्रसंग

२०२३ च्या वसंतात टोकियोजवळच्या एका सभागृहात एका आयडॉल-गटाचा, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या, चाहत्यांच्या लाडक्या मुलींच्या गटाचा, लाइव्ह कार्यक्रम होता. गट मोबाइल गेममधला, म्हणजे मुली चित्रातल्या. त्यांना आवाज देणाऱ्या सेइयू (आवाज-कलाकार) रंगमंचावर येऊन त्याच मुलींच्या नावाने गाणार आणि नाचणार. त्यातल्या एका सेइयूसाठी आम्ही पाच चाहत्यांनी सभागृहाच्या लॉबीत फुलांचा स्टँड पाठवायचं ठरवलं. वर्गणी जमली, फुलवाल्याकडे ऑर्डर गेली, वर्गणीदारांच्या नावांचा फलक छापून आला. कार्यक्रमाला सोळा दिवस उरले असताना तिने लग्न झाल्याचं जाहीर केलं. पुढच्या दोन दिवसांत ७४ वर्गणीदारांपैकी ११ जणांनी पैसे परत मागितले.

हिशेब माझ्याकडे होता, म्हणून हे प्रकरण मी लिहितो आहे. गट, कलाकार, सभागृह आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि कुणी ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने मांडले आहेत.

पार्श्वभूमी

फुरासुता म्हणजे ‘फ्लॉवर स्टँड’चं जपानी लघुरूप. माणसाच्या उंचीचा, कधी त्याहूनही उंच असा फुलांचा स्टँड, त्यावर फुगे, पात्राच्या चित्राचा फलक, कुणाकडून कुणाला हे सांगणारी पाटी आणि पैसे देणाऱ्यांची टोपणनावं. एकजण पुढाकार घेतो, त्याला शुसाई म्हणतात. तो रीतसर सूचना काढतो: एक वाटा इतक्या येनचा, शेवटची तारीख अमुक, उरलेले पैसे फुलांतच घालणार, कार्यक्रमानंतर हिशेब जाहीर होणार. साताऱ्यात आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाची पावतीपुस्तकं मी कॉलेजच्या वयात सांभाळली होती. टोकियोतल्या निशि-कासाईत राहायला आल्यावर पहिल्यांदा अशी सूचना वाचली, तेव्हा मला त्यात काहीच परकं वाटलं नाही. वर्गणी म्हटली की विश्वास आला, आणि हिशेब चोख नसला की तो विश्वास एका वर्षात जातो. हे मला कुणी जपानीत समजावून सांगायची गरज पडली नाही.

जे परकं होतं ते समजायला वेळ लागला. सेइयूचं काम मुळात पडद्यामागचं. पण १९८२ साली ‘माक्रॉस’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत गायिकेच्या पात्राला आवाज देणारी इइजिमा मारी स्वतःही गायिका होती, आणि पात्राचं गाणं व कलाकाराचं गाणं यांतली रेघ तिथेच पुसट व्हायला लागली. नव्वदच्या दशकात सेइयूंना वाहिलेली मासिकं निघाली आणि चेहरे मुखपृष्ठावर आले. २००५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जुलैत नाम्कोचा ‘आयडॉलमास्टर’ हा गेम आर्केडमध्ये आला, ज्यात खेळणारा आयडॉल मुलींचा निर्माता होतो. डिसेंबरमध्ये टोकियोतल्या अकिहाबारात एकेबी४८ या आयडॉल-गटाचं थिएटर सुरू झालं, ‘भेटता येतील अशा आयडॉल’ हे वचन घेऊन. २०१० मध्ये ‘लव्ह लाइव्ह!’ हा चित्रातल्या आयडॉल मुलींचा प्रकल्प सुरू झाला. गटाचं नाव मासिकाच्या वाचकांच्या सहभागातून ठरलं आणि सेइयू मंचावर अ‍ॅनिमेशनमधल्याच हालचाली करत नाचू लागल्या. मार्चअखेर आणि एप्रिलच्या पहिल्या दिवशी, २०१६ साली, त्या पहिल्या गटाचा अखेरचा लाइव्ह टोकियो डोममध्ये झाला.

यामागे पैशाचं गणितही आहे. कलाकार संघटनेच्या श्रेणीपद्धतीत सर्वांत कनिष्ठ सेइयूला तीस मिनिटांच्या एका भागाचं मूळ मानधन १५ हजार येन मिळतं. वाक्यं दोन असोत की दोनशे. त्यावर टोकियोत घरभाडं भरून जगता येत नाही. लाइव्ह, सीडी, छायाचित्रसंग्रह, दुकानाच्या तळघरात होणारे भेटीचे छोटे कार्यक्रम यांतून तरुण सेइयूचं नाव टिकतं. तिकिटाच्या सोडतीसाठी लागणारा क्रमांक सीडीच्या आत असतो, म्हणून चाहता एकच सीडी पाच वेळा, दहा वेळा घेतो. असं पाच वर्षं केलेल्या माणसाला आपण तिला ‘वाढवलं’ असं वाटू लागलं, तर ती भावना त्याने हवेतून आणलेली नसते. विक्रीची पद्धतच ती रोज त्याच्या हातात ठेवते. मला हे इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढे पैसे परत मागणाऱ्यांना सरसकट वेडे ठरवणं फार सोपं आहे आणि ते खरं नाही.

आयडॉलच्या जगातून प्रेमबंदीही आली. २०१३ च्या जानेवारीअखेरीस एकेबी४८ च्या मिनेगिशी मिनामीने एका तरुणाबरोबरची बातमी छापून आल्यावर डोकं भादरून कॅमेऱ्यासमोर माफी मागितली होती. कायद्याचं मतही डळमळत होतं: सप्टेंबर २०१५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने अशी बंदी मोडणाऱ्या एका माजी आयडॉलला सुमारे साडेसहा लाख येन भरायला लावले, तर जानेवारी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात भरपाईची मागणी फेटाळली आणि प्रेमसंबंधाचं स्वातंत्र्य माणसाच्या सुखाच्या शोधाचा भाग मानलं. सेइयू मात्र अभिनेत्री आहे. मिझुकी नाना या सेइयू-गायिकेने जुलै २०२० मध्ये लग्न जाहीर केलं आणि तिचं गाणं व अभिनय दोन्ही चालू राहिलं. आमच्या वर्गणीत या दोन्ही परंपरांतली माणसं एकाच यादीत होती, आणि सोळा दिवस आधीपर्यंत ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

अडचण कशी उभी राहिली

आम्ही पाच जण असे: चाळिशीतला शुसाई, ज्यांना मी क-सान म्हणेन (‘सान’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय), चित्र काढणारी कला-महाविद्यालयातली न-सान, फुलवाल्याशी बोलणारा एक, प्रसिद्धी सांभाळणारी एक, आणि मी. क-सान मूळचे सेइयू-चाहते, नव्वदच्या दशकातल्या रेडिओ कार्यक्रमांना पोस्टकार्डं पाठवणारे. प्रसिद्धीवाली मूळची आयडॉलची चाहती.

१४२ वाटे जमले होते, एक वाटा हजार येनचा, म्हणजे १,४२,००० येन. फुलं आणि फुगे ९६,०००, फलकाची छपाई १६,०००, न-सानचं मानधन २०,०००, पैसे जमवणाऱ्या सेवेचं शुल्क ७,०००. एकूण १,३९,००० आणि शिल्लक ३,०००.

घोषणा संध्याकाळी आली. हाताने लिहिलेल्या पत्राचा फोटो, जशी तिथे रीत आहे: लग्न झालं, काम पूर्वीसारखंच चालू राहील, पात्राला यापुढेही जपेन. मी तोझाई लाइनच्या गाडीत उभा होतो. निशि-कासाईला उतरेपर्यंत आमच्या खात्यावर पहिली मागणी येऊन पडली होती. दोन दिवसांत ११ जणांचे मिळून २३ वाटे परत मागितले गेले. त्यांतले दहा वाटे एकाच माणसाचे. त्याने लिहिलं होतं की त्याचा तिच्यावर राग नाही, पण ती फुलं बघितली की त्याला त्याची पाच वर्षं दिसतील आणि ते त्याला झेपणार नाही.

उलट बाजूनेही निरोप आले. पाटीवर लग्नाच्या शुभेच्छा घाला, असं नऊ जणांनी सुचवलं. तिघांनी म्हटलं, कलाकाराचं नाव काढा, फक्त पात्राचं ठेवा.

कार्यक्रमाला तेरा दिवस उरले असताना एका अनोळखी खात्यावरून एक ओळ आली: त्या दिवशी तुमच्या फुलांचं काय होतं ते बघा.

कोणते पर्याय होते

सगळं रद्द करून सगळ्यांचे पैसे परत करायचे, हा पर्याय क-साननी पहिल्याच रात्री बाद केला. तिने काही चूक केलेली नाही आणि लॉबीतली तिची जागा त्या दिवशी रिकामी राहिली तर ती शिक्षाच दिसेल, असं त्यांचं म्हणणं. यावर कुणी वाद घातला नाही.

दुसरा पर्याय सूचनेला चिकटून राहण्याचा होता. ऑर्डर गेल्यावर पैसे परत मिळणार नाहीत हे आम्ही आधीच लिहिलं होतं. नियमाने आम्ही बरोबर होतो, आणि क-सानचा कल याच बाजूला होता. त्यांचा मुद्दा मी अजून विसरलेलो नाही: परत दिले तर आपण मान्य करतो की लग्न हे पैसे परत मागायचं कारण असू शकतं.

मी उलट बाजूला होतो. मंडळात एकदा एका दुकानदाराने वर्गणी देऊन दुसऱ्या दिवशी भांडण काढलं होतं. आमच्या अध्यक्षकाकांनी त्याचे पैसे त्याच्या गल्ल्यावर नेऊन ठेवले आणि पावती फाडली. मनाविरुद्धचा पैसा मांडवात नको, एवढंच म्हणाले. फुलांनाही ते लागू आहे असं मला वाटलं. जो माणूस त्या फुलांकडे बघूही शकत नाही, त्याचं नाव त्यांच्या शेजारी का टांगायचं?

पाटीचा प्रश्न पैशापेक्षा जास्त वेळ चालला. तिथे भांडण खरं काय आहे ते उघडं पडलं. पात्राच्या आतल्या माणसाला चाहते ‘नाका नो हितो’ म्हणतात, आतला माणूस. मूळ पाटीवर ‘अमुक पात्राच्या भूमिकेतल्या अमुक-सामा’ असं दोघींचं नाव होतं. फक्त पात्राचं नाव ठेवणं म्हणजे आतल्या माणसाला बाहेर काढणं. लग्नाच्या शुभेच्छा घालणं म्हणजे पात्राला बाजूला सारणं, शिवाय ज्यांनी लाइव्हसाठी पैसे दिले त्यांचे पैसे दुसऱ्याच कारणासाठी वापरणं. न-सान शुभेच्छांच्या बाजूने होती आणि तिने ते फार कळकळीने मांडलं: आपण गप्प राहिलो तर तिला वाटेल की आपण रागावलो आहोत. मतदान झालं. तीन विरुद्ध दोन, पाटी जशीच्या तशी.

काय केलं

मागणाऱ्यांना पैसे परत द्यायचे असं शेवटी ठरलं. क-साननी आपलं मत न बदलता हे मान्य केलं. निवेदन त्यांनीच लिहिलं. त्यात लग्नाचा उल्लेख एकाच वाक्यात होता, कुणालाही दोष नव्हता, आणि परतीची मागणी करायला तीन दिवस दिले होते. कारण विचारणार नाही, असंही लिहिलं होतं. त्या ओळीमुळे वातावरण बरंच निवळलं. आधी आलेल्या निरोपांत पानपानभर स्पष्टीकरणं होती. नंतरचे निरोप दोन ओळींचे आणि शांत होते.

पैसे परत कसे द्यायचे, हा वरवर छोटा प्रश्न होता. बँकेत भरायचे तर खरं नाव आणि खातेक्रमांक मागावा लागतो. या जगात माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना टोपणनावानेच ओळखतात, आणि रागावलेल्या माणसाकडे खरं नाव मागणं मला बरोबर वाटेना. म्हणून अ‍ॅमेझॉनचे गिफ्ट कोड पाठवले.

खड्डा २३,००० चा पडला. वर्गणी ४८ तासांसाठी पुन्हा उघडली. १४ नव्या लोकांनी १९ वाटे घेतले. म्हणजे हातात १,३८,०००. शुल्क हजाराने वाढलं, फुग्यांची एक ओळ कमी करून ६,००० वाचवले. दहा दिवस आधीपर्यंत बदल चालतील असं फुलवाल्याने सांगितलं होतं. आम्ही अकरा दिवस आधी फोन केला.

नावांचा फलक मात्र छापून झाला होता. नव्याने छापायला पैसे नव्हते. परत मागणाऱ्या ११ जणांना विचारलं. नऊ जणांनी नाव काढा म्हटलं. दोघांनी लिहिलं, पैसे परत द्या पण नाव राहू द्या. त्या दोन निरोपांवर आम्ही रात्री साडेबारापर्यंत बोललो. एकजण म्हणाला, फुकटात नाव कसं? न-सान म्हणाली, अडचण पैशाची असेल आणि लग्न हे फक्त निमित्त, तर? शेवटी सगळ्यांना एकच नियम म्हणून अकराही नावांवर लहान सोनेरी तारे चिकटवले. त्या पात्राचं चिन्ह ताराच होतं, त्यामुळे ते वेगळे दिसले नाहीत. नव्या १४ जणांची नावं एका छोट्या कार्डावर छापून खाली लावली. तारे आणि कार्ड मिळून ५०० येन. हिशेबाअंती ३,५०० येन उरले आणि सूचनेप्रमाणे ते फुलांत गेले.

धमकीच्या बाबतीत आम्ही चुकलो. ओळ दुपारी आली. ‘असल्या ओळी येतातच’ असं म्हणून आम्ही ती बाजूला ठेवली आणि आयोजकांना कळवलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मे २०१४ मध्ये इवाते प्रांतात हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एका माणसाने करवत काढून एकेबी४८ च्या दोन मुलींना आणि एका कर्मचाऱ्याला जखमी केलं होतं. मे २०१६ मध्ये टोकियोतल्या कोगानेईत एका तरुण गायिकेवर चाहत्याने चाकूचे वार केले. तिने आधी पोलिसांकडे तक्रार केली होती, आणि त्या घटनेनंतर पाठलागविरोधी कायद्यात समाजमाध्यमांवरचे निरोपही आले. हे आम्हा पाचही जणांना माहीत होतं. तरी आम्ही एक दिवसापेक्षा जास्त थांबलो, कारण वर्गणीचा बोभाटा व्हायला नको होता. आयोजकांनी निरोपाची प्रत मागितली आणि आमचा स्टँड प्रवेशद्वाराजवळून हलवून कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवला.

निष्पन्न काय झालं

काही विपरीत घडलं नाही. सकाळी फुलं आली, लॉबीत फोटो काढणाऱ्यांची रांग लागली. त्या वर्षी जानेवारीअखेरीस सरकारने कार्यक्रमांत पूर्ण क्षमतेने, मोठ्याने ओरडून दाद द्यायला मोकळीक दिली होती. कोविडमुळे तीन वर्षं गप्प बसून पेनलाइट (हातात धरायचे रंगीत दिवे) हलवलेल्या प्रेक्षकांनी तिचं नाव घेतलं तेव्हा आवाज छातीत जाणवला. रंगमंचावरून तिने लॉबीतल्या फुलांचे आभार मानले, सगळ्यांच्या फुलांचे, कुणाचंही नाव न घेता. लग्नाबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही. ती ज्या पात्रासाठी आली होती तेच पात्र दोन तास तिथे होतं.

दहा वाटे परत घेतलेला माणूस आला होता. त्याचा पेहराव मला ओळखीचा होता. तो स्टँडसमोर थोडा वेळ उभा राहिला, फोटो काढला नाही, आणि आत गेला. तिकीट त्याने विकलं नव्हतं, एवढंच मला कळलं. मी त्याच्याशी बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हे मला ठरवता आलेलं नाही.

हिशेब चौथ्या दिवशी जाहीर केला, पावत्यांच्या फोटोंसह. त्यावर एकही प्रश्न आला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी धमकी. ती मिळताच, त्याच तासाला कळवायला हवी होती. आमच्या पुढच्या दोन वर्गणींच्या वेळी आयोजकांचा संपर्क कुणी साधायचा हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवलं.

दुसरं सूचनेतलं. ‘ऑर्डर गेल्यावर परतावा नाही’ ही ओळ आम्ही दुसऱ्या गटाच्या सूचनेतून उचलली होती आणि तिचा अर्थ काय होईल याचा विचार केला नव्हता. आता आम्ही एक तारीख लिहितो, त्या तारखेपर्यंत कारण न विचारता परतावा, आणि नावांचा फलक त्या तारखेनंतरच छापायला देतो. ताऱ्यांची वेळ पुन्हा आली नाही. ज्या दोघांना नाव ठेवायचं होतं त्यांच्यासाठी मात्र या तारखेने काहीच सुटत नाही.

पाटीवर कुणाचं नाव येणार, पात्राचं, कलाकाराचं की दोघींचं, हे सूचनेतच शब्दशः लिहिलेलं असावं. पैसे देणाऱ्याला देण्याआधी कळावं की तो कुणाला फुलं पाठवतो आहे. हे आम्ही आधी केलं असतं तर शुभेच्छांची मागणी करणाऱ्या नऊ जणांना आणि कलाकाराचं नाव नको म्हणणाऱ्या तिघांना एकच उत्तर देता आलं असतं. न-सानच्या मुद्द्यावर तोडगा त्या वेळीही हाताशी होता: कलाकारांच्या कार्यालयाकडे चाहत्यांची पत्रं जातात, ज्यांना शुभेच्छा द्यायच्या होत्या त्यांची पत्रं एका लिफाफ्यात पाठवता आली असती. ते कुणाला सुचलं नाही. न-सानने नंतर एकटीने पाठवलं.

आणि परताव्याचा मूळ प्रश्न. मागच्या वर्षी क-सानबरोबर एका लाइव्हनंतर रामेन खाताना तो पुन्हा निघाला. त्यांचं म्हणणं अजून तेच आहे: त्या अकरा जणांना आपण शिकवलं की तिचं लग्न ही त्यांची तक्रार होऊ शकते. मी म्हटलं, आपण त्यांना जाऊ दिलं, म्हणून दहा वाटेवाला परत आत जाऊ शकला. ते म्हणाले, तो कसाही आत गेला असता. आम्ही बिल अर्धं अर्धं भरलं आणि पुढच्या वर्गणीची तारीख ठरवली. परताव्याचं कलम मी लिहिणार आहे आणि ते वाचून दुरुस्त करणार आहेत.